डबा सुरू करायचाय? आधी पोळ्या मोजा

गेल्या काही महिन्यांत पाककृती विचारणारी पत्रं कमी आणि घरून डबे द्यायचे प्रश्न जास्त असं झालंय, म्हणून यावेळची सगळी जागा डब्यालाच देऊन टाकली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून गावं तेवढी ठेवलीत. काही जणींना उत्तर तिखट वाटेल, पण गोड बोलून कुणाला खड्ड्यात ढकलण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : ताई, माझ्या हाताला चव आहे असं सगळेच म्हणतात. मुलं आता मोठी झाली, घरून ऑफिसवाल्यांना दुपारचे डबे द्यावेत असं डोक्यात आहे. महिन्याला पंधरा हजार सुटले तरी खूप झालं. मैत्रीण म्हणते एकदम तीस-चाळीस डबे घे, त्याशिवाय परवडत नाही. किती डब्यांनी सुरुवात करू? – डोंबिवली

उत्तर : चव आहे हे छानच, पण खरं सांगू का, डब्याच्या धंद्यात चवीचा नंबर दुसरा लागतो. पहिला नंबर वेळेचा. हॉटेलात माणूस कधीतरी जातो आणि काहीतरी भारी खायला म्हणून जातो, डबेवाला गिऱ्हाईक रोज एक वाजता भुकेला असतो आणि त्याला साधं, गरम-कोमट, पोटाला न बाधणारं जेवण वेळेवर हवं असतं. तुमची भरली वांगी एकदम फर्स्टक्लास झाली आणि डबा पावणेदोनला पोचला तर तो वांगी विसरतो, पावणेदोन लक्षात ठेवतो.

त्यामुळे "किती डबे" याचं उत्तर मैत्रिणीला विचारू नका, तुमच्या तव्याला विचारा. एका डब्यात चार पोळ्या धरा. दहा डबे म्हणजे चाळीस पोळ्या, एक किलो कणकेच्या साधारण पस्तीस ते चाळीस होतात म्हणजे किलोभर कणीक रोज सकाळी मळून, लाटून, भाजून, तेल लावून झाली पाहिजे. घड्याळ लावून एकदा करून बघा. एकटी बाई लाटणार आणि तीच भाजणार असेल तर चाळीसला तास-सव्वा तास सहज जातो, आणि तेवढा वेळ एक शेगडी पूर्ण अडकलेली असते. उरलेल्या शेगडीवर भाजी, आमटी, कुकर. घरच्यांचा चहा-नाश्ता आणि मुलांचे डबे त्यातच. आता तीस डबे म्हणजे एकशेवीस पोळ्या, तेही नऊ-साडेनऊला डबेवाला दारात उभा राहणार असेल तर. करा हिशोब, पहाटे किती वाजता उठायचं त्याचा.

माझं म्हणणं, पाच-सहा डबे घ्या. तेही पहिला आठवडा घरच्या आणि शेजारच्या लोकांना, पण अगदी खऱ्यासारखं, ठरलेल्या वेळेला भरून, झाकण लावून, बाहेर ठेवून. दुपारी एकला उघडून स्वतः खा. चुलीवरून ताटात वाढलेली भाजी आणि चार तास डब्यात कोंडलेली भाजी या दोन वेगळ्या भाज्या असतात. भेंडी चिकट होते, कोबीला वास येतो, पातळ पिठलं दगड होतं, बटाट्याची भाजी मात्र इमानदार. ही यादी तुमची तुम्हालाच करावी लागेल कारण प्रत्येकीच्या हातचं वेगळं असतं. मग पंधरा दिवसांचं चक्र लिहून फ्रिजवर लावा, सोमवारी काय मंगळवारी काय, म्हणजे सकाळी सहाला उभं राहून "आज काय करू" हा प्रश्न पडणार नाही आणि बाजारहाट पण एका फेरीत होईल.

पंधरा हजाराचं काय ते पुढच्या उत्तरात बघा, ते तुमच्यासाठीच आहे असं समजा.

प्रश्न : माझ्या बिल्डिंगमध्ये एक काकू ७० रुपयांना पूर्ण डबा देतात. मी ९० सांगितले तर लोक म्हणतात काकू सत्तरला देतात की. मला तर सत्तरमध्ये काहीच उरत नाही असं वाटतंय पण नक्की कळत नाही. रेट कसा काढायचा? – पिंपरी

उत्तर : "वाटतंय" हा शब्द आधी काढून टाका. वही घ्या. दुकानाचं बिल बघून नाही, वजनकाट्यावर वजन करून लिहा, कारण बाजारातून आणलेली भाजी आणि कढईत पडलेली भाजी सारखी नसते. किलोभर मटार सोलले की हातात जेमतेम निम्मे दाणे येतात. मेथीची जुडी निवडली की देठं किती गेली ते कचऱ्याच्या डब्यात बघा. फ्लॉवरचं तेच. म्हणजे मटार ज्या भावाने आणले त्याच्या दुपटीने ते डब्यात जातात, आणि बहुतेक जणी इथेच फसतात.

आता एक डबा धरू. चार पोळ्या, सुकी भाजी, आमटी, भात, कोशिंबीर. आकडे मी फक्त समजुतीसाठी घेतेय, तुमच्या गावचे तुम्ही घाला. कच्चा माल तेल-मसाल्यासकट ३६ रुपये. गॅस ५. पॅकिंग किंवा स्टीलचा डबा असेल तर धुण्याचं साबण-पाणी आणि घासणारीचा वाटा मिळून ६. पोचवणं १२. उरणं-सांडणं-करपणं, आयत्या वेळी कुणीतरी नको म्हणणं याचे ३. झाले ६२. सत्तरला विकला तर हातात ८ रुपये. दहा डब्यांचे ८०. बाजारहाट, निवडणं, करणं, भरणं, घासणं मिळून रोज चार तास तरी जातातच, म्हणजे तुम्ही तासाला २० रुपयांवर काम करताय. एवढ्यात कुणी तुमच्याकडे भांडी घासायला तरी येईल का?

काकूंना कसं परवडतं हा प्रश्न तुमचा नाही. कदाचित त्यांच्याकडे डबे जास्त असतील, कदाचित पोचवायला घरचाच मुलगा असेल, कदाचित त्यांनीही हिशोब केला नसेल, आणि हे तिसरं कारण सगळ्यात कॉमन आहे.

उलटी बाजू बघू. महिन्याला पंधरा हजार सुटायला हवेत, आणि रविवार-सणवार सोडून चोवीस दिवस डबा चालू धरला, तर रोजचे ६२५ सुटले पाहिजेत. दहा डब्यांवर म्हणजे डब्यामागे साडेबासष्ट, रेट जाणार सव्वाशेच्या जवळ, कुणी घेणार नाही. वीस डब्यांवर साधारण ३१, म्हणजे रेट ९३. आता हे शक्य वाटतं. म्हणजे डोंबिवलीच्या ताईंनी सुरुवात पाच-सहावर केली तरी वीसवर पोचायचंय हे डोक्यात ठेवून करावी, आणि वीस डब्यांच्या ऐंशी पोळ्या कोण करणार ते आधी ठरवावं.

सत्तरवाल्याला घाबरून रेट पाडू नका. पाडायचंच असेल तर डबा लहान करा, तीन पोळ्या-भाजीचा हाफ डबा ठेवा, पुष्कळ ऑफिसच्या मुलींना भात-आमटी नकोच असते. त्यात आमटी सांडायची कटकट पण जाते. आणि रेट वाढवायचा झाला तर गुपचूप भाजी कमी करण्यापेक्षा महिना सुरू व्हायच्या आधी सरळ मेसेज टाका, कांदा-तेल महागलं एक तारखेपासून एवढे. कमी भाजी लोकांना पहिल्याच दिवशी कळते.

प्रश्न : घरून डबे द्यायला लायसन लागतं का? एका एजंटने तीन हजार मागितले. एका ताईने सांगितलं घरगुतीला काही लागत नाही. – सातारा

उत्तर : लागतं. त्या ताईंचं ऐकू नका, आणि एजंटचंही. अन्नसुरक्षा कायदा २००६ सालचा आहे, त्यात घरून विकणारे पण येतात, पाच डबे असोत की पाचशे. पण छोट्यांना लायसन नाही, साधी नोंदणी पुरते. वर्षाची उलाढाल, म्हणजे एकूण विक्री, नफा नव्हे, बारा लाखांच्या आत असेल तर तुम्ही बिनधास्त नोंदणीवाल्या गटात. फी वर्षाला १०० रुपये. एफएसएसएआय म्हणजे केंद्र सरकारची अन्नसुरक्षा संस्था, तिच्या फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन फॉर्म भरायचा, फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा लागतो. मोबाईलवरून जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या भाचीला बसवा, काम होईल. आपल्याकडे हे बघणारं खातं अन्न व औषध प्रशासन, जिल्ह्याच्या ठिकाणी ऑफिस असतं, अडलं तर तिथे जाऊन विचारलेलं चांगलं. मिळालेला चौदा आकडी नंबर बिलावर टाका आणि कागद स्वयंपाकघरात लावा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करायची असेल तर सरकारी पोर्टलवर ती पूर्ण फुकट आहे. सरकारी वाटणाऱ्या नावांच्या खासगी साइट्स पैसे घेतात, तिथे फसू नका. जीएसटीचं टेन्शन आत्ता नको, एका वर्षात वीस लाखांच्या आत आहात तोवर तो नंबर घ्यावा लागत नाही. सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा, नंतर लिफ्ट आणि ओला कचरा यावरून वाद होतात, तेव्हा आधी सांगितलेलं कामी येतं.

प्रश्न : घरचा सिलिंडर वापरला तर चालेल ना, घरचाच तर स्वयंपाक आहे. – कोल्हापूर

उत्तर : नाही चालत. लाल, १४.२ किलोवाला घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायचा नाही असा नियम आहे, २००० सालच्या आदेशात स्पष्ट लिहिलंय. धंद्याचा १९ किलोचा वेगळा मिळतो, महाग पडतो हे मान्य, म्हणून तर वरच्या हिशोबात गॅसचे पैसे वेगळे धरलेत. एवढा मोठा जड वाटत असेल तर गॅस एजन्सीत पाच किलोच्या छोट्या सिलिंडरचं विचारा. पाइप गॅस असेल तर कंपनीकडे धंद्याच्या वापराबद्दल चौकशी करा. आणि काहीही असो, रबरी नळी किती जुनी झालीये ते आजच बघा, रोज पहाटे चार तास शेगडी पेटणार आहे.

प्रश्न : उन्हाळ्यात दोनदा असं झालं की दुपारी फोन आला, आमटी आंबलीये, भात चिकट झालाय. मी तर सकाळी ताजंच केलं होतं, रात्रीचं काहीच नाही. मग कसं काय? रडायलाच आलं मला. – नागपूर

उत्तर : रडू नका, ताजं करूनही आंबतं आणि त्याला कारण असतं. जंतूंना ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधलं तापमान भयंकर आवडतं. त्याखाली ते सुस्त, त्यावर बहुतेकांची वाढ थांबते. आता तुमचा डबा सकाळी भरल्यापासून दुपारी उघडेपर्यंत नेमका कुठे असतो? मधेच. नागपुरात मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत तर विचारूच नका. म्हणजे अन्न ताजं आहे का हा प्रश्न अर्धाच झाला, ते कोमट किती वेळ राहिलं हा खरा प्रश्न.

भाताचं विशेष सांगते कारण भाताला सगळे गरीब समजतात. कच्च्या तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, बॅसिलस सीरियस नाव त्याचं, ते कुकरमधूनही वाचू शकतात. भात शिजून कोमट पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि उलटी करणारं विष तयार करतात. हे विष नंतर भात कितीही गरम केला तरी जात नाही. म्हणून रात्रीचा भात फोडणी देऊन डब्यात घालायचा विचारही नको, घरच्यांना खायला घालत असाल तो तुमचा प्रश्न, विकायचा नाही. आणि सकाळी सगळ्यात आधी कुकर लावून मोकळं व्हायची जी आपल्याला सवय असते ती मोडा, भात सगळ्यात शेवटी. कुकर पडला, झाकण उघडलं, वाफेचा भात डब्यात, झाकण, बाहेर.

आमटी, रस्सा भरेपर्यंत मंद आचेवर उकळती ठेवा आणि उकळतीच भरा. बऱ्याच जणी सात वाजता आमटी करून ओट्यावर ठेवतात आणि नऊला कोमट भरतात, ते दोन तास नडतात. ओलं खोबरं उन्हाळ्यात बंद, हवं तर सुकं भाजून घाला. वरून कच्ची कोथिंबीर भुरभुरवायची नाही, फोडणीत किंवा उकळीत जाऊ दे. दह्याची कोशिंबीर नको, काकडी-गाजर चिरून कोरडं द्या, लिंबाची फोड द्या. उसळीला मोड आणायला हरकत नाही, चिरणं-निवडणंही रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा, पण शिजवायचं ते सकाळीच, उकडलेले बटाटेसुद्धा.

पोळ्यांचं मात्र उलटं. तव्यावरची पोळी थेट डब्यात गेली की झाकणाला पाणी सुटतं, ते पोळीवर पडतं आणि दुपारी खालची पोळी ओला लगदा होऊन येते. जाळीवर किंवा सुती फडक्यावर पसरा, वाफ जाऊ द्या, मग चारची घडी. त्या घडीला वर्तमानपत्र लावायचं नाही हं. शाईत घातक रसायनं असतात, तेलकट पोळीला ती लागतात, एफएसएसएआयने २०१६ मध्येच याबद्दल बजावलंय, तरी अजून वडापावपासून पोळीपर्यंत पेपरच दिसतो. बटरपेपर किंवा धुतलेला मलमलचा रुमाल वापरा.

अजून एक, हे कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. घरात ज्या दिवशी तुम्हाला जुलाब-उलट्या होतायत, हाताला पिकलेलं गळू आहे, त्या दिवशी डबा बंद. गिऱ्हाईकाला सरळ कळवा. त्या दिवसाचे पैसे पुढच्या महिन्यात वळते करा.

आणि जो फोन आला त्याला काय बोलायचं? "आमच्याकडून तर बरोबर गेलं होतं" हे वाक्य सोडून काहीही बोला. डबा फेकून द्या सांगा, पैसे परत करा, आणि त्या दिवशीच्या बाकीच्या सगळ्यांना लगेच मेसेज करा की आमटी खाऊ नका. वाटतं की गिऱ्हाईकं तुटतील, पण आपण होऊन सांगणारीवर लोक जास्त विश्वास टाकतात.

प्रश्न : डबे पोचवायचे कसे? मुंबईत डबेवाले आहेत, आमच्याकडे कुणी नाही. ॲपवर टाकू का? – नाशिक

उत्तर : मुंबईचं नशीबच वेगळं. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी ते काम सुरू केलं आणि अजून चालू आहे, कारण तिथे लोकल आहे, सगळी ऑफिसं एका दिशेला आहेत आणि डब्यावरच्या खुणेवरून तो कुठल्या स्टेशनचा, कुठल्या इमारतीचा ते कळतं. हे सगळं नाशिकात उभं करता येत नाही, पण त्यातली एक गोष्ट उचलता येते, एका दिशेला जायचं. पाच डबे सातपूरला, चार पंचवटीला, दोन नाशिकरोडला असं घेतलंत की पेट्रोलमध्येच वाट लागली. एकच ऑफिस, एकच हॉस्पिटल किंवा एकच क्लासेसची बिल्डिंग पकडा आणि तिथेच दहा करा. लांबचं गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी नाही म्हणा.

ॲपचं कमिशन डब्याच्या दराला झेपत नाही, शिवाय ॲपवरचं गिऱ्हाईक आज तुमच्याकडे उद्या बिर्याणीकडे. रोजच्या डब्याला व्हॉट्सअॅपचा एक ग्रुप भरपूर झाला, त्यातही ग्रुप असा करा की मेसेज फक्त तुम्हीच टाकू शकाल, नाहीतर "आज मीठ कमी" हे सगळ्यांनी वाचलंच समजा.

स्टीलचा डबा असेल तर प्रत्येक गिऱ्हाईकामागे दोन डबे लागतात, एक गेलेला, एक धुवून तयार. वीस गिऱ्हाईकं म्हणजे चाळीस डबे, हा खर्च सुरुवातीला कुणाच्या लक्षातच येत नाही. डबा देतानाच डिपॉझिट घ्या. आणि तळाला ऑइलपेंटने नंबर घाला, स्टिकर दुसऱ्या धुण्यात निघतो. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या डब्या-वाट्या घ्यायला जाऊ नका, महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर बंदी आहे.

प्रश्न : ओळखीच्याच लोकांना डबे देते त्यामुळे पैसे मागायला संकोच वाटतो. एकीचे दोन महिन्यांचे राहिलेत. – लातूर

उत्तर : महिन्याचे आगाऊ. सगळ्यांना, नणंदेला पण. एक तारखेला यूपीआयवर आले तर दोन तारखेपासून डबा. नवीन माणसाला हवं तर आठवड्याचे घ्या. सुट्टीचा नियमही लिहूनच द्या, आदल्या रात्री आठच्या आत कळवलं तर पैसे वळते, सकाळी कळवलं तर नाही, कारण तोवर कणीक भिजलेली असते. त्या दोन महिनेवालीला फोन करून नाही, हिशोबाचा कागद पाठवून मागा, तारखा घालून. नाही दिले तर डबा थांबवा, मैत्री असेल तर राहील.

प्रश्न : घरच्यांचा पाठिंबा नाही. सासूबाई म्हणतात आपल्या घरात असं कुणी अन्न विकलं नाही. नवरा म्हणतो कर, पण माझ्या चहाला उशीर नको. – सांगली

उत्तर : सासूबाईंचं मी समजू शकते, त्या पिढीला अन्न वाढायचं असतं, विकायचं नसतं असंच शिकवलं गेलं. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना एक काम द्या जे त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच येत नाही, लोणचं असेल, मेतकूट असेल, गोडा मसाला असेल. आणि त्याचे पैसे त्यांच्या हातात वेगळे ठेवा, घरखर्चात नाही. पुष्कळ घरांत यानंतर "आपल्या घरात असं कुणी" हे वाक्य हळूहळू बंद होतं.

नवऱ्याचा मात्र मला रागच आला. चहा करायला त्यांना पाच मिनिटं लागतात. "पाठिंबा आहे" म्हणजे तोंडी परवानगी नव्हे, सकाळी सहा ते साडेनऊ ओटा तुमचा, मुलांची आंघोळ-दप्तर त्यांचं, आणि शनिवारी मंडईतलं ओझं दोघांनी. हे धंदा सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या, नंतर बोलायला वेळ मिळणार नाही. ओट्यावरून आठवलं, घरच्या नॉनव्हेजची भांडी, सुरी, पाट वेगळे ठेवा आणि डब्याच्या वेळात ते ओट्यावर यायला नकोत.

प्रश्न : जैन डबा, डायबेटिसचा डबा, केटो असं सगळं ठेवलं तर गिऱ्हाईक वाढेल ना? – ठाणे

उत्तर : गिऱ्हाईक वाढेल, तुम्ही उराल की नाही सांगता येत नाही. एका ओट्यावर तीन प्रकारच्या भाज्या केल्या की आमटीचं भांडं बदलतं, चमचा बदलत नाही, आणि जैन माणसाने तुमच्यावर भरवसा टाकलेला असतो. जमणार नसेल तर नाही सांगा. डायबेटिसचा डबा हे नावच वापरू नका, तुम्ही डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. भात नको असेल तर भाकरी मिळेल, साखर घालत नाही, तेल बेताचं, एवढं सांगा, बाकी त्यांचं ते बघतील. शेंगदाण्याचं कूट मात्र न विसरता सगळ्यांना सांगा, आपण ते कशातही घालतो आणि काहींना त्याची भयानक ॲलर्जी असते.

प्रश्न : सुरुवातीला कर्ज काढू का? मुद्राचं ऐकलंय. – जळगाव

उत्तर : पाच-सहा डब्यांना कर्ज कशाला. वजनकाटा, एक मोठा कुकर, एक मोठी कढई आणि डबे, एवढ्यावर सुरू होतं. मुद्रा ही छोट्या धंद्यांसाठीची सरकारी कर्ज योजना, तिच्यात शिशु या सगळ्यात लहान गटात ५० हजारांपर्यंत तारण न ठेवता कर्ज मिळतं, ते वीस डब्यांच्या पुढे जाताना बघा, आणि तेव्हा बँकेत जाताना तुमची हिशोबाची वही आणि यूपीआयचे उतारे सोबत असले तर बोलणं सोपं जातं.

प्रश्न : पंधरा डबे झालेत, आता एकटीला झेपत नाही, हात दुखतात. मदतीला बाई ठेवू की डबे कमी करू? – पुणे

उत्तर : हात दुखेपर्यंत थांबलात हेच जास्त झालं. ठेवा. पण सगळ्या कामाला एक बाई अशी ठेवू नका, पोळ्यांना ठेवा, कारण पंधरा डब्यांच्या साठ पोळ्या हेच तुमचं मनगट खातंय आणि तिथेच तुमची शेगडी अडकतेय. भाजी-आमटी आणि डबे भरणं तुमच्याच हातात ठेवा, गिऱ्हाईक त्या चवीसाठी आणि त्या मापासाठी आहे. पोळीमागे रेट ठरवा, महिना पगार नको, म्हणजे सुट्टीच्या दिवशी दोघींना कटकट नाही. वरच्या हिशोबात तो रेट चार पोळ्यांचा करून मिळवा आणि मग बघा डब्याचा दर पुरतोय का, नसेल पुरत तर आधी दर बदला, मग बाई बोलवा. पहिल्या दिवशी तिच्याकडून वीसच करून घ्या आणि त्यातल्या चार डब्यात घालून दुपारी एक वाजता उघडून बघा. बऱ्याच जणींच्या पोळ्या तव्यावर टम्म फुगतात आणि डब्यात कडक होतात, मग कणीक थोडी सैल भिजवायला सांगा, चमचाभर तेल जास्त. तीन-चार दिवसांत बसतं. आणि तिची एक सुट्टी आठवड्याला ठरवून टाका, त्या दिवशी मेनूत पुलाव किंवा मसालेभात.